विश्लेषण : जुन्या लिनोलियमखालचा वाळलेला गोंद कसा काढायचा? थिनरची बाटली उघडण्याआधी काय तपासावे?

दिवाळीची साफसफाई किंवा घरातले लग्नकार्य निघाले, की मुंबई-पुण्यातल्या जुन्या घरांमध्ये वर्षानुवर्षे अंथरलेले लिनोलियम एकदाचे उचलले जाते. खाली सागवानी फळ्या निघतात, पण त्यांच्यावर कडक झालेल्या गोंदाचे पिवळे, तपकिरी, कुठे काळे पट्टे असतात. मग कुणी थिनर आणतो, कुणी पटाशी, तर कुणी सँडिंग मशीन भाड्याने घेतो. यातला प्रत्येक उपाय कुठल्या तरी गोंदावर चालतो आणि दुसऱ्या एखाद्या गोंदावर फळीच खराब करून ठेवतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत तर जिवावर बेतू शकते. त्यामुळे गोंद कशाने काढायचा याच्या आधीचा प्रश्न असतो, हा गोंद आहे कोणता?

फळी एवढी जपायची कशाला?

मुंबईत १९४० पूर्वी बांधलेल्या अनेक चाळी आणि इमारतींचा सांगाडा लाकडी आहे. तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर कोबा किंवा लादी, अशी रचना बऱ्याच ठिकाणी दिसते. काही इमारतींत, विशेषतः पोटमाळ्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये, फळ्या उघड्याच असतात. पुण्यातल्या वाड्यांच्या आणि कोकणातल्या घरांच्या माडीवरही अशीच तक्तपोशी आढळते. त्या काळच्या चांगल्या बांधकामांत वापरलेले बरेचसे सागवान ब्रह्मदेशातून आलेले. सुतार आजही त्याला ‘बर्मा टीक’ म्हणून वेगळा मान देतात.

हे लाकूड आता सहज मिळत नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यामुळे एखादी फळी बदलायची वेळ आली, तर पाडलेल्या इमारतींचे जुने लाकूड विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे तशाच जाडीची, तशाच रंगाची फळी शोधत फिरावे लागते. आणि माडीवरची फळी ही नुसती जमीन नसते. वरच्या बिऱ्हाडाची जमीन तेच खालच्याचे छत असते. दोन फळ्यांच्या फटीतून पाणी खाली जाते, तसे थिनरही जाते.

मुळात ते ‘लिनोलियम’ होते का?

बहुतेक वेळा नाही. खरे लिनोलियम जवसाच्या तेलापासून बनते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने १८६०च्या दशकात ते विकसित केले. घट्ट केलेले तेल, राळ, बुचाचा किंवा लाकडाचा भुसा हे सगळे तागाच्या कापडावर लाटून त्याचे तक्ते करत. नंतर पीव्हीसीच्या स्वस्त शीट बाजारात आल्या आणि जुने नावच त्यांना चिकटले. आज घरोघरी ज्याला लिनोलियम म्हणतात, ते बहुतांशी पीव्हीसी असते.

गोंद काढताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. जुन्या, खऱ्या लिनोलियमखाली बऱ्याचदा तपकिरी रंगाची, पाण्यात विरघळणारी लुकण वापरलेली असे. ती लाकडाच्या लगद्यातून निघणाऱ्या लिग्निनपासून बनवत. पीव्हीसी शीटखाली मात्र रबराचे सोल्युशन, पांढरा फेव्हिकॉल किंवा दुकानदाराने त्या दिवशी जे दिले ते, यातले काहीही असू शकते. एकाच खोलीत तीन प्रकारचे गोंद सापडणेही नवलाचे नाही. मधे लुकण, कडेला रबर सोल्युशन आणि उंबऱ्याजवळ कुणीतरी नंतर ओतलेला फेव्हिकॉल!

वाळलेला गोंद सुटत का नाही?

सागवान कापून भिंगाखाली पाहिले तर त्यात बारीक नळ्या दिसतात. झाड जिवंत असताना त्यातून पाणी वर चढते. सागात या नळ्या वाढीच्या वर्तुळांवर चांगल्या मोठ्या असतात, काही नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. ओला गोंद या नळ्यांत उतरतो आणि तिथेच घट्ट होतो. पृष्ठभागावर दिसतो तो थर, आणि खाली हजारो बारीक मुळे, असे त्याचे रूप असते. म्हणून वरचा थर खरवडला तरी डाग राहतोच.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. गोंद विरघळवण्यासाठी त्यावर भरपूर थिनर ओतला, की घट्ट गोंद पातळ होतो आणि आधी जिथे पोहोचला नव्हता तिथपर्यंत नळ्यांमधून उतरतो. थिनर उडून जातो, गोंद आतच राहतो. तासाभराने फळी स्वच्छ दिसते. पॉलिशचा हात मारल्यावर मात्र ढगासारखे फिके चट्टे उमटतात, कारण त्या जागी लाकूड पॉलिश शोषून घेत नाही. द्रावक कोणताही असो, तो थोडाच वापरायचा, गोंद मऊ होईपर्यंतच ठेवायचा आणि मऊ झालेला गोंद विरघळू न देता लगेच उचलायचा.

गोंद ओळखायचा कसा?

पलंगाखालचा किंवा कपाटामागचा कोपरा निवडावा. चार बोटे रुंदीची जागा पुरे. चाचणी सौम्य उपायापासून सुरू करायची आणि एक पायरी फसली तरच पुढची चढायची.

पहिली पायरी पाण्याची. गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके गोंदावर पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. गोंद पांढरट होऊन सायीसारखा मऊ पडला, तर तो पांढऱ्या फेव्हिकॉलच्या जातीचा, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा आहे. पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर मिसळले तर तो लवकर सैल होतो. तपकिरी गोंद चिखलासारखा झाला, तर ती जुन्या लिनोलियमची लुकण समजावी. घरातल्या जुन्या कपाटा-दारांच्या सांध्यांत सापडणारा सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सुतारी गोंद, आणि पिठाची खळ हेसुद्धा गरम पाण्यालाच दाद देतात. या सगळ्यांसाठी थिनरची गरज नाही. फडके ओले असावे, पण त्यातून पाणी ठिबकता कामा नये. पाणी साचले की फळी फुगते आणि लोखंडी खिळ्यांभोवती काळपट डाग धरतात.

पाण्याने काहीच झाले नाही, तर उष्णता द्यावी. हेअर ड्रायर किंवा हीट गनच्या सर्वांत कमी तापमानावर मिनिटभर गरम हवा द्यावी आणि लाकडी काडीने टोचून पाहावे. गोंद च्युइंगमसारखा ताणला जात असेल, तर तो रबराचा किंवा गरम करून लावायच्या गोंदाचा प्रकार आहे. तो वीतभर जागेत मऊ करायचा आणि गरम असतानाच बोथट पत्तीने उचलायचा. थंड झाला की पुन्हा धरून बसतो, त्यामुळे एका हातात ड्रायर आणि दुसऱ्यात पत्ती, अशी ही कसरत असते. काही वेळा उलटा प्रयोगही चालतो. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटे ठेवला, की जाड रबरी गोंद ठिसूळ होऊन टवके निघतात. पीव्हीसीचे तुकडे अजून चिकटलेले असतील, तर ते आधी सोलून काढावेत. पीव्हीसी जास्त तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. ती नाकाला झोंबते आणि फुप्फुसांना घातक असते.

पाणी आणि उष्णता, दोन्हींना न जुमानणारा, काचेसारखा कडक गोंद बहुधा एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा असतो. हे गोंद घट्ट होताना त्यांच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते. अंडे उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे. बाजारातला साधा थिनर त्यांना वरवर फुगवेल, पण विरघळवू शकत नाही. तिथे पत्ती आणि धीर एवढेच कामी येते.

दुचाकी टेपचा किंवा स्टिकरचा चिकटा राहिला असेल, तर खोबरेल तेलाचे दोन थेंब अर्धा तास ठेवून पुसले तरी तो निघतो. मग तेल मात्र स्पिरिटच्या फडक्याने नीट काढावे लागते, नाहीतर पॉलिश धरत नाही. धुण्याचा सोडा, कॉस्टिक किंवा संडास साफ करायचे ॲसिड लाकडाला अजिबात लावू नये. सोड्याने सागवान काळवंडते, ॲसिडने तंतू जळतात. आणि ॲसिडवर ब्लीच पडले, तर क्लोरिन वायू तयार होतो.

गोंद काळा असेल तर?

तर हातातली पत्ती खाली ठेवावी. काळा गोंद साधारणपणे डांबरापासून बनवलेला असतो. अमेरिकेत विसाव्या शतकात फरशीखाली लावण्याच्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉसचे तंतू घातले जात. नऊ इंच चौरसाच्या जुन्या फरश्या आणि त्यांच्याखाली काळा गोंद, ही तिथे धोक्याची खूण मानतात. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या उपनगरात पन्नास-साठच्या दशकातले घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवलेले बरे. तिथे कार्पेटखाली ओकची सुरेख लाकडी जमीन निघते आणि तिच्यावर नेमका हाच गोंद असू शकतो.

भारतातही ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. त्याचे सिमेंटचे पत्रे अजून वापरात आहेत. काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. गोंद जागेवर शांत पडून असेल तोवर धोका कमी असतो. तो कोरडा घासला की तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जातात आणि तिथून निघत नाहीत. त्यातून होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग उमटायला दोन ते चार दशके लागू शकतात. म्हणून काळ्या गोंदावर मशीन चालवायचे नाही. तपासणी होत नसेल, तर न खरवडता तो झाकून टाकणे हा कमीपणा नाही. तज्ज्ञही अनेकदा तेच सुचवतात.

थिनर नेमका किती धोकादायक?

बाजारात मिळणाऱ्या थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन यांसारखी द्रावके असतात. टोल्युइन ४ अंश सेल्सिअसला आणि ॲसिटोन उणे २० अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागते. मुंबईतल्या तिशीच्या तापमानात बाटली उघडली, तेव्हाच ही अट पूर्ण झालेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड आहे. टोल्युइनची तर तिपटीहून अधिक. ती वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखी पसरते.

आता हिशेब पाहू. हवेत टोल्युइनच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.२ टक्के झाले की ती पेटू शकते. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत सगळीकडे एवढे प्रमाण व्हायला साधारण पावणेदोन लिटर टोल्युइन लागेल. हा आकडा मोठा वाटतो आणि फसवतो. वाफ जमिनीलगतच्या एक फुटात साचली, तर पावणेदोनशे मिलिलिटर पुरते. म्हणजे चहाचे दोन कप. खोलीभर पसरलेल्या गोंदावर थिनर शिंपडताना एवढा वापर केव्हाच होतो.

मग ठिणगी कुठून येते? फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना, पंख्याचे बटण दाबताना, शेजारच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवरून, देवघरातल्या निरांजनातून. फळ्यांच्या फटीतून वाफ खालच्या घरात गेली असेल, तर तिथल्या समईतूनही. वरच्या माणसाने सगळी काळजी घेतलेली असते, फक्त खाली सांगितलेले नसते. दिवाळीच्या दिवसांत, गॅलरीत पणत्या आणि फटाके असताना हे काम काढणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. पावसाळाही टाळावा. खिडक्या बंद राहतात आणि फळ्या दमटपणाने फुगलेल्या असतात. दिवाळी उरकल्यानंतर मार्चपर्यंतचे कोरडे दिवस उत्तम.

हीट गन आणि थिनर एकाच दिवशी वापरू नयेत. आधी थिनर लावून मग गरम हवा देण्याची युक्ती काही कारागीर सांगतात. ती ऐकू नये.

आगीखेरीज श्वासाचा प्रश्न आहेच. रुमाल, कापडी मास्क किंवा एन-९५ यांतून द्रावकाची वाफ सरळ आत जाते. एन-९५ धुळीसाठी आहे, वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. आणि ‘पेंट रिमूव्हर’चा डबा घेताना लेबलवर डायक्लोरोमिथेन किंवा मेथिलीन क्लोराइड लिहिले आहे का, ते आवर्जून पाहावे. हे द्रावक गोंदावर झटपट काम करते, म्हणून कारागिरांना आवडते. पण शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइड तयार होते आणि बंद खोलीत माणूस बेशुद्ध पडू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोंदीनुसार १९८० पासून तिथे किमान ८८ जणांचा या रसायनाने जीव गेला. त्यातले अनेक जण बाथरूमसारख्या कोंदट जागी काम करणारे कामगार होते. २०२४ मध्ये तिथे त्याच्या घरगुती वापरावर पूर्ण बंदी आली.

खरवडायचे की मशीन लावायचे?

मशीनचा मोह स्वाभाविक आहे, पण गोंदावर सँडिंग मशीन लावणे म्हणजे दुहेरी तोटा. घर्षणाच्या उष्णतेने गोंद वितळतो, पॉलिश पेपरच्या दाण्यांत भरतो आणि पेपर काही मिनिटांत गुळगुळीत होतो. मग मशीन घासत नाही, नुसते पोळते. दुसरे म्हणजे मोठ्या मशीनच्या एका पूर्ण फेरीत लाकडाचा जवळपास मिलिमीटरभर थर जाऊ शकतो. शंभर वर्षे झिजलेल्या, मधे खोलगट झालेल्या फळीला ते परवडत नाही.

त्यामुळे आधी हात, शेवटी मशीन. खिळ्यांची डोकी पंच लावून फळीच्या किंचित खाली बसवावीत. नाहीतर पहिल्याच फटक्यात पत्तीला खाच पडते आणि ती खाच मग सगळ्या जमिनीवर रेघ ओढत जाते. पत्ती लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच ओढावी, आडवी नाही. जुने सुतार या कामाला फुटक्या काचेचा तुकडा वापरत. त्याची धार खरोखर उत्तम लागते, पण हाताला टाके पडण्याचीही तेवढीच खात्री. पोलादी स्क्रेपर स्वस्त आहे. गोंद पूर्ण निघाल्यावर ८० आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, की बहुतेक फळ्यांना पुरते.

फळ्यांवर जुना ऑइलपेंट असेल तर तोही कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग ठरवणारे नियम २०१६ चे, आणि ते लागू झाले २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते. रांगणारे मूल घरात असेल, तर काम संपून जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसून होईपर्यंत त्याला आजोळी पाठवणे चांगले.

नव्या फ्लॅटमधल्या ‘वुडन फ्लोअरिंग’चे काय?

तिथे वेगळाच नियम. नव्या फ्लॅटमधले बरेचसे वुडन फ्लोअरिंग लॅमिनेट असते, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या घट्ट तक्त्यावर लाकडाची छापील नक्षी आणि तिच्यावर मेलामाइनचा थर. ते घासताच येत नाही, कारण घासले की चित्रच पुसले जाते. पाणी सांध्यातून आत गेले तर तक्ता फुगतो आणि पुन्हा बसत नाही. ‘इंजिनीअर्ड वुड’मध्ये वर खऱ्या लाकडाचा थर असतो, पण कधी तो मिलिमीटरहूनही पातळ निघतो. या दोन्हींवर प्लास्टिकची पत्ती आणि फडक्यावर घेतलेले थोडे स्पिरिट, यापलीकडे जाऊ नये.

काम संपल्यावर उरलेल्या चिंध्यांचे काय?

थिनरच्या चिंध्या कचऱ्याच्या डब्यात कोंबू नयेत. उघड्या हवेत, सावलीत, एकेक पसरून वाळवाव्यात. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबाबत तर जास्तच जपावे लागते. लाकडाला चमक आणायला अनेक जण हे तेल लावतात. ते वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. चिंध्यांचा बोळा करून ठेवला, तर ती उष्णता आतच साठून बोळा कुणी न पेटवता पेटू शकतो. पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात त्या बुडवून ठेवणे सर्वांत सोपे.

फळ्या उघड्या ठेवायच्या असतील, तर पॉलिशच्या आधी ओले फडके फिरवून पाहावे. पाणी सगळीकडे सारखे शोषले गेले तर गोंद निघाला आहे. कुठे फिका चट्टा दिसला, तर तिथे अजून एकदा पत्ती. आणि पुन्हा पीव्हीसी शीटच घालायची असेल, तर ती गोंद न लावता नुसती अंथरावी. कडा कपाटाखाली, पलंगाखाली दाबल्या की बसतात, दाराशी पाय अडकू नये म्हणून तेवढी ॲल्युमिनियमची पट्टी मारावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, शीट उचलून फळ्यांना दोन दिवस हवा लागू द्यावी आणि वाळवीची माती दिसते का, ते भिंतीलगत बघून घ्यावे.